आईला घेऊन व्हॅली ऑफ फ्लॉवर्स : सात दिवसांत जमेल का?

दहिसरकर

नमस्कार. आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, सातवीतील मुलगी आणि सहासष्ट वर्षांची आई, येत्या पावसाळ्यात उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा विचार करीत आहोत. आईने शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. निवृत्त झाल्यापासून ती दरवर्षी हा विषय काढते आणि दरवर्षी आम्ही ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणून तो पुढे ढकलतो. मागच्या सप्टेंबरात तिला कासच्या पठारावर नेले होते, तेव्हा परतीच्या वाटेवर ती इतकेच म्हणाली की गुडघे अजून किती वर्षे थांबतील याची खात्री नाही. यंदा टाळायचे नाही, एवढे त्याच दिवशी ठरले.

मला सोमवार ते शुक्रवार अशी पाच दिवसांची रजा मिळेल. शनिवारी सकाळी विमानाने डेहराडूनला उतरून ऋषीकेशला मुक्काम, रविवारी जोशीमठ, सोमवारी दरीच्या पायथ्याचे घांघरिया गाव, मंगळवारी दरी, बुधवारी हेमकुंड साहिब हा शिखांचा गुरुद्वारा पाहून त्याच दिवशी खाली गोविंदघाट, गुरुवारी पहाटे बद्रीनाथचे दर्शन घेऊन सरळ ऋषीकेश आणि शुक्रवारी परतीचे विमान, असा आराखडा मी केला आहे. त्यानंतरचा शनिवार-रविवार घरी विश्रांतीसाठी ठेवला आहे.

हा कार्यक्रम आईला झेपेल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो आणि ती लिफ्टशिवाय खालीवर करीत नाही. मात्र सकाळी बागेत चार फेऱ्या न चुकता मारते. दुसरा प्रश्न तारखांचा आहे. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, त्यामुळे त्याआधी आठवडाभर तरी घरी असणे आवश्यक आहे, आणि जुलैमध्ये मुलीची घटक चाचणी असते. मे महिन्याच्या सुट्टीत जावे तर उद्यान बंद असते, असे वाचले. ज्यांनी घरातील ज्येष्ठांना घेऊन ही यात्रा केली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

घाटमाथा

आपल्या आईंची इच्छा पुरी होण्यासारखी आहे, पण या आराखड्याने नव्हे. आपण सर्व विचार चालण्याचा केला आहे आणि रस्ता मात्र गृहीत धरला आहे. मी तीनदा गेलो आहे आणि तिन्ही वेळा घाम फुटला तो गाडीत बसलेला असताना.

ऋषीकेशपासून गोविंदघाटापर्यंत सुमारे पावणेतीनशे किलोमीटर अंतर आहे. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम मागे टाकीत रस्ता अलकनंदेच्या काठाने वर चढतो. मोबाईलवरचा नकाशा नऊ-दहा तास दाखवील, परंतु पावसाळ्यात त्या आकड्यावर कोणतेही तिकीट काढू नये. पीपलकोटी आणि जोशीमठ यांच्या दरम्यान पागलनाला नावाची जागा आहे. नाव उगाच पडलेले नाही. माझ्या दुसऱ्या खेपेस उतरताना तेथे दरड आली आणि आम्ही दीड दिवस अडकलो. पुढे चिखलात रुतलेला जेसीबी, मागे नजर पोहोचेल तेथपर्यंत गाड्या, आणि आमच्या पुढच्या ट्रकचा चालक मागच्या चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून येईल त्याला चहा देत होता. तो चहा अजून आठवतो, आणि आमच्याविना डेहराडूनहून उडालेले विमानही आठवते. चार नवी तिकिटे काढावी लागली. दरड हटली तरी अंधारात घाई करून भरपाई करता येत नाही, कारण डोंगरी रस्त्यांवर रात्री प्रवासी वाहने सोडत नाहीत.

आपल्या आराखड्यात एकही कोरा दिवस नाही. गुरुवारी बद्रीनाथ करून त्याच दिवशी ऋषीकेश गाठण्याचा बेत तर उन्हाळ्यातही मी कोणाला सुचवणार नाही. घरच्या विश्रांतीसाठी ठेवलेले शनिवार-रविवार या रस्त्याला द्यावेत; रजा तेवढीच लागेल आणि हातात नऊ दिवस येतील. पहिल्या शनिवारी सकाळच्या विमानाने उतरल्यास ऋषीकेशला न थांबता गढवालमधील श्रीनगरपर्यंत जाऊन मुक्काम करावा. रविवारचा मुक्काम मी पीपलकोटीला करतो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले, तेव्हापासून त्या गावावर आपला आणखी भार नको असे मला वाटते. ज्याचे त्याने ठरवावे. सोमवारी घांघरिया, मंगळवार आणि बुधवार वर, गुरुवारी खाली गोविंदघाट. शुक्रवार पूर्ण कोरा ठेवावा. रस्ता सुरळीत असेल तर त्या दिवशी बद्रीनाथ करता येईल, गोविंदघाटापासून ते पंचवीस किलोमीटरच आहे. रस्ता बंद असेल तर तोच दिवस अडकून पडण्यात जाईल. शनिवारी पहाटे निघून ऋषीकेश आणि रविवारी दुपारनंतरचे विमान.

आता चालण्याविषयी. गोविंदघाटाहून पुलनापर्यंत जीप जाते. पुलना ते घांघरिया हे नऊ-दहा किलोमीटर अंतर पायी किंवा खेचरावरून पार करावे लागते आणि त्यात हजार मीटरहून अधिक चढ आहे. गोविंदघाटालाच आपण कळसूबाईच्या शिखरापेक्षा वर असतो, हे मुंबईतून जाणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे. कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास. वाट चांगली फरसबंद आहे, पण ती खेचरांचीही वाट आहे. पावसाने धुतलेले दगड, त्यावर लीद आणि समोरून घंटा वाजवीत उतरणारा खेचरांचा तांडा, अशा वेळी नेहमी डोंगराच्या अंगाला उभे राहावे. दरीच्या बाजूला कधीही नाही. भ्युंडार गावाजवळ पूल ओलांडला की उरलेला चढ अंगावर येतो. आईंसाठी पुलनालाच खेचर ठरवावे आणि ते वरपर्यंत नेण्याचा करार आधी बोलून घ्यावा.

खुद्द उद्यानात खेचरांना प्रवेश नाही. तेथे चालायचे, नाहीतर कंडीत बसायचे. कंडी म्हणजे पाठीवरची वेताची टोपली; तीत बसणाऱ्याची पाठ वाहणाऱ्याच्या पाठीला लागलेली असते. घांघरियाच्या पुढे वाट फुटते, उजवीकडची हेमकुंडाला आणि डावीकडची दरीत. तपासणी नाक्यावर नाव नोंदवून पुष्पावती नदीच्या पुलापर्यंत उतार आहे आणि पुलानंतरचा चढ खडा आहे. तो एकदा संपला की पुढे दरी जवळजवळ सपाट उघडते. फाटक सकाळी सातच्या सुमारास उघडते, दुपारी आत सोडणे बंद होते आणि पाचच्या आत सर्वांना बाहेर यावे लागते. आत राहुटी टाकण्यास बंदी आहे. म्हणून पहिल्या तुकडीत आत शिरा. एका वर्षी आमच्या सहल आयोजकाने आम्हाला नाश्त्याला इतके रेंगाळवले की दरीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत ढग खाली उतरले होते आणि आम्ही हातभर अंतरावरची फुले तेवढी पाहून परतलो.

हेमकुंड साहिब ४,३०० मीटरच्या वर आहे. सहा किलोमीटरांत साडेबाराशे मीटर चढ आहे आणि वर मुक्कामाला परवानगी नाही. आधी दरी आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड हाच क्रम ठेवावा, म्हणजे विरळ हवेची थोडी तरी सवय होते. डोके जड होऊन मळमळू लागले तर गोळी घेऊन चढत राहू नये, सरळ खाली उतरावे. हेमकुंडासाठी चारधामप्रमाणेच उत्तराखंड शासनाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती मुंबईतूनच उरकून घ्यावी. रोख पैसेही जोशीमठाच्या पुढे पुरतील एवढे काढून ठेवावेत.

पानफूल

वरील प्रतिसादातील रस्त्याविषयीच्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे. मी फुलांच्या बाजूने लिहिते, कारण आपल्या आईंनी विज्ञान शिकवले आहे आणि त्यांना दरीत काय दिसेल हे तारखेवर अवलंबून आहे.

उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढेच खुले असते. जूनमध्ये ओढ्यांवर बर्फ शिल्लक असते आणि फुलांची नुकती सुरुवात असते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सर्वाधिक जाती एकाच वेळी फुललेल्या सापडतात. त्यानंतर फुले असतात, पण वेगळी, आणि सप्टेंबरात आकाश मोकळे होऊन भोवतीची शिखरे दिसू लागतात. मात्र कासचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नये. कासला एकेका जातीचा गालिचा पसरतो आणि तो रस्त्यावरूनही दिसतो. येथे कमरेएवढ्या गवतात शेकडो जाती मिसळलेल्या असतात आणि वाकून शोधावे लागते. गालिचा दिसला नाही म्हणून हिरमुसून परतणारी मंडळी मी दरवेळी पाहते.

आईंना ओळखीची वाटतील अशी बरीच मंडळी तेथे भेटतील. गौरी म्हणून आपण घरी आणतो त्या तेरड्याचा हिमालयातील भाऊबंद दरीत माणसाच्या उंचीचा वाढतो आणि ऑगस्टमध्ये गुलाबी फुलांनी लहडलेला असतो. आपल्याकडे पहिल्या पावसात सह्याद्रीत फणा काढणारा सापकांदा, त्याचे नातलग तेथे जून-जुलैत दिसतात. निळी पॉपी मात्र आपल्याकडे नाही. ती खडकांच्या सांदीत उगवते, देठावर काटे असतात आणि पाकळ्या ओल्या टिपकागदासारख्या पातळ असतात. पावसाचा थेंब पडला की पाकळी लवते आणि थेंब ओघळला की पुन्हा वर येते. मी एका फुलापाशी वीस मिनिटे बसून हेच पाहत होते.

ब्रह्मकमळाबद्दल एक गैरसमज आधीच दूर करणे बरे. मुंबईच्या गॅलरीत रात्री फुलते आणि ज्याचे फोटो सोसायटीच्या गटावर पहाटेपर्यंत येत राहतात ते मध्य अमेरिकेकडचे निवडुंग आहे. हिमालयातील ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातील असून त्याच्या फिकट पिवळट पानांच्या द्रोणात जांभळी फुले झाकलेली असतात. ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. दरीपेक्षा ते हेमकुंडाच्या वाटेवर, वरच्या टप्प्यात अधिक सहज दिसते. त्यामुळे हेमकुंडाला कोणीतरी जाऊन छायाचित्र आणावे. फूल तोडून आणू नये, हे शिक्षिकेच्या घरी सांगण्याची गरज नसावी.

दरीत एका ठिकाणी जोन मार्गारेट लेग या वनस्पतिअभ्यासक बाईंची समाधी आहे. १९३१ मध्ये कामेट शिखराहून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सहकारी या दरीत उतरले आणि तिची ख्याती बाहेर पसरली. ती वाचून लेगबाई १९३९ मध्ये वनस्पतींचे नमुने गोळा करण्यास आल्या आणि कड्यावरून घसरून तेथेच गेल्या. समाधीपर्यंतची वाट सोपी आहे आणि आईंना झेपली तर तेथपर्यंत जरूर न्यावे. वाटेत एक उंच, पांढऱ्या तुऱ्यांचे झाड माजलेले दिसेल, ते पॉलिगोनम. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर दरीतील मेंढ्यांची चराई बंद झाली. चराई होती तोवर हे झाड आटोक्यात होते आणि तिच्या बंदीनेच ते फोफावले, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींना ते पटत नाही. वनखाते दरवर्षी ते उपटते. आईंना वाद घालण्यास विषय हवा असेल तर हा उत्तम आहे.

तारखांचे म्हणाल, तर पंचांग उघडावे. उत्तरेकडील श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो आणि त्याच पंधरवड्यात हरिद्वार-ऋषीकेशचे रस्ते कावडयात्रेने तुंबलेले असतात. त्यांची शिवरात्र म्हणजे आपली आषाढ वद्य चतुर्दशी; म्हणजे दिव्यांच्या अमावास्येच्या आदल्या दिवशी ती गर्दी ओसरते. आपला श्रावण लागला की निघावे. घटक चाचणी तोवर झालेली असते आणि गणपतीही अगदी तोंडावर आलेले नसतात.

जिना उतरणारी

मी त्रेसष्टाव्या वर्षी जाऊन आले, म्हणून तुमच्या आईंच्या बाजूने लिहिते.

बागेतील चार फेऱ्या चांगल्या आहेत, पण त्या सपाटीवरच्या आहेत. माझे गुडघे चढताना नव्हे, घांघरियाहून खाली येताना बोलू लागले. म्हणून तीन महिने आधीपासून मी आमच्या इमारतीत एक नियम केला होता : वर जाताना लिफ्ट, उतरताना जिना. पहिल्या आठवड्यात दोन मजले, मग वाढवत वाढवत सर्व. तुमच्याकडे सात मजले आयतेच आहेत. महिन्यानंतर दर रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फाटकापासून कान्हेरीपर्यंत पायी जावे आणि लेण्यांच्या पायऱ्या चढून-उतरून यावे. पाऊस सुरू झाल्यावरही हे सोडू नये, कारण तेथे जे बूट घालायचे ते याच पावसात ओले करून, वाळवून, पायाला सरावलेले असले पाहिजेत. सुरुवात करण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना गुडघे आणि रक्तदाब दाखवून घ्या, उंचीवर जाण्याबद्दलही विचारा.

हेलिकॉप्टरचा मोह कोणीतरी दाखवील. गोविंदघाटाहून घांघरियापर्यंत ते जाते हे खरे, पण ढग उतरले की उडत नाही, आणि आपण तर ढगांच्याच दिवसांत चाललो आहोत. मी सकाळभर ताटकळले आणि अखेर खेचर केले. खेचर उतरणीला घेऊ नये. पुढे कलल्याने भीतीही वाटते आणि कंबरही दुखते. उतरताना दोन काठ्या घेऊन, थांबत थांबत, पाच-सहा तास लागले तरी चालत यावे.

घांघरियात सारे ओले असते, हे मनाशी धरूनच जा. खोलीत दोरी बांधून त्यावर मोजे टाकले तर सकाळी ते संध्याकाळपेक्षा ओले. प्रत्येकी मोज्यांचे निदान पाच जोड घ्या, एक जोड केवळ झोपण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. रेनकोटपेक्षा पाठपिशवीसकट अंग झाकणारा पोंचो बरा. बादलीभर गरम पाणी पैसे देऊन मिळते आणि ते पैसे वसूल होतात. खाणे साधे, शाकाहारी असते : बटाटा, पराठा, डाळभात, आणि गुरुद्वाराचा लंगर. तुमच्या आई श्रावणी सोमवार करीत असतील तर साबुदाण्याची खिचडी तेथे विसरा. वरील आराखड्यात चढाईचा दिवस नेमका सोमवार आहे. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की घरून न्या, आणि उपाशी पोटी त्यांना चढू देऊ नका.

एक स्पष्ट सांगते. हेमकुंडाचा आग्रह त्यांना करू नका. मी बुधवारी हेमकुंड सोडून दुसऱ्यांदा दरीत गेले. पहिल्या दिवशी सारा जीव पायाखालच्या दगडांत होता. दुसऱ्या दिवशी वाट ओळखीची झाली होती, म्हणून मान वर करता आली.

दहिसरकर

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री हे सर्व आईला वाचून दाखवले. गॅलरीतले ब्रह्मकमळ निवडुंग आहे हे तिला ठाऊक होते, फक्त शेजारच्या काकूंचे मन मोडू नये म्हणून ती इतकी वर्षे बोलली नव्हती. सोमवारचा उपास ती मोडणार नाही, पण लाडू आणि खजूर खाण्यास तयार आहे.

आता नऊ दिवसांचा आराखडा धरला आहे. मंगळवारी चौघेही दरीत जाऊ. बुधवारी मी आणि मुलगी हेमकुंडाला जाऊ, तर आई आणि पत्नी दुसऱ्यांदा दरीत. आज सकाळपासून आई सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरू लागली. पाचव्यावर थांबून तिने लिफ्ट बोलावली, आणि ‘पहिल्या आठवड्यात दोनच मजले सांगितले आहेत’ असे मला ऐकवले.

दोन शंका उरल्या आहेत. शुक्रवारी रस्ता चांगला असल्यास बद्रीनाथला जावे का, की तो दिवसही पुढच्या प्रवासाला लावावा? आणि जाताना विमानाऐवजी रेल्वेने हरिद्वारला जाणे बरे पडेल का?

घाटमाथा

रेल्वे चांगली आहे. वांद्रे टर्मिनस आणि लोकमान्य टिळक टर्मिनसहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत. परंतु त्यात एक दिवसाहून अधिक वेळ जातो आणि तेवढा दिवस आपल्यापाशी नाही. जाताना विमानच ठेवा. परतीला तारीख बदलता येईल असे तिकीट थोडे महाग पडले तरी तेच काढा. शिवाय रविवारी निघणे जमलेच नाही तर सोमवारची रजा मागण्याची शक्यता कार्यालयात आधीच बोलून ठेवा.

बद्रीनाथबद्दलचा निर्णय मुंबईत घेऊ नका. गुरुवारी संध्याकाळी गोविंदघाटाला उतरल्यावर बद्रीनाथकडून आलेल्या दोन-तीन गाड्यांच्या चालकांना विचारा. वाटेत पांडुकेश्वरच्या पुढे लामबगड आहे, तोही पागलनाल्याचाच सख्खा भाऊ. चालक ‘सकाळी लवकर निघा’ म्हणाले तर पहाटे निघून दुपारच्या जेवणापर्यंत गोविंदघाटाला परत या. ते नुसते आकाशाकडे पाहू लागले, तर शुक्रवारी सकाळीच गाडी ऋषीकेशच्या दिशेला वळवा आणि रुद्रप्रयागला मुक्काम करा. बद्रीनाथ राहिले तर आईंना त्याचे फार वाईट वाटणार नाही, असे त्यांच्या लिफ्टच्या किश्शावरून वाटते.